ताडपत्र वाचता आले, मग फाइल का वाचता येऊ नये?

शासनाचा कारभार लेखावर चालतो. तोंडी दिलेला हुकूम देणाऱ्याच्या बदलीबरोबर विरून जातो. लिहिलेला हुकूम मात्र मागे उरतो आणि त्याच्या आधारावर पन्नास वर्षांनीही एखादा शेतकरी आपला हक्क शाबीत करू शकतो. म्हणून दस्तऐवज जपणे आणि तो पुढच्या पिढीला वाचता येणे ही प्रशासनाची मूलभूत जबाबदारी ठरते. कागदाच्या काळात वाळवी, पाणी आणि आग हे तीन शत्रू आपल्याला ठाऊक होते. संगणकाने चौथा शत्रू आणला. दस्तऐवज शाबूत असतो, पण तो उघडणारे सॉफ्टवेअर उरलेले नसते.

"लिनक्सवर आमचे मराठी चालत नाही" हे वाक्य गेली वीस-पंचवीस वर्षे सरकारी कचेऱ्यांतून ऐकू येते. लिनक्सचे समर्थक त्यावर चिडतात, विरोधक त्याचा पुरावा म्हणून उपयोग करतात. पण नेमके काय चालत नाही, आणि ते का चालत नाही, याचा शोध फारसे कोणी घेत नाही. तो घ्यायचा तर थोडे इतिहासात जावे लागते, आणि या इतिहासाचे बरेच धागे म्हैसूर या एकाच शहरात सापडतात.

म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ताडपत्रांचे एक बाड आणून दिले. ग्रंथालयाचे अधिकारी आर. शामशास्त्री यांनी ते वाचले तेव्हा लक्षात आले, की ज्याचे केवळ उल्लेख इतरत्र सापडत होते ते कौटिल्याचे अर्थशास्त्र हेच. १९०९ साली त्यांनी मूळ संस्कृत पाठ छापला आणि १९१५ साली इंग्रजी अनुवाद. पुढे १९६०च्या दशकात मुंबई विद्यापीठाने कंगले यांची चिकित्सित आवृत्ती तीन भागांत प्रसिद्ध केली. भारतीय राज्यकारभारावरील सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ असा पुन्हा हाती आला.

त्या ताडपत्रांची भाषा संस्कृत होती, पण लिपी देवनागरी नव्हती. ती ग्रंथ लिपी होती, म्हणजे दक्षिणेत संस्कृत लिहिण्यासाठी वापरली जाणारी लिपी. तरीही शामशास्त्रींना कोणाकडून परवाना घ्यावा लागला नाही. ज्याने ते बाड लिहिले त्या लेखनिकाचा वंशज शोधावा लागला नाही. ग्रंथ लिपीतील कोणते चिन्ह कोणत्या वर्णासाठी, हे ज्ञान सार्वजनिक होते आणि जो शिकेल त्याला ते खुले होते. याच अर्थशास्त्रात शासनलेख कसा असावा यावर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि चांगल्या लेखाच्या गुणांत स्पष्टत्वाची गणना केली आहे. आज स्पष्टत्वाचा अर्थ थोडा वाढवावा लागेल. लेख माणसाला स्पष्ट हवा, तसा तो कोणत्याही यंत्रालाही स्पष्ट हवा.

याच शहरात १७ जुलै १९६९ रोजी भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. सर्व भारतीय भाषांचा शास्त्रीय अभ्यास आणि विकास हे त्याचे काम. १९९१च्या सुमारास केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय भाषांतील मजकुराचे मोठे संग्रह संगणकावर उतरवण्याचे काम हाती घेतले. प्रत्येक भाषेचे सुमारे ३० लाख शब्द, हे उद्दिष्ट होते. हे संग्रह पुढे म्हैसूरला संस्थानाकडे आले. त्यांत मराठीही होती.

हे संग्रह कोणत्या सांकेतिक पद्धतीत होते, हा आपल्या विषयाचा गाभा आहे. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर याची सारणी आधी ठरलेली असावी लागते. भारतीय भाषांसाठी अशी सारणी बनवण्याचे काम १९७० आणि १९८०च्या दशकांत आयआयटी कानपूर येथील संशोधनातून पुढे आले; १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि ते काम तिथे विस्तारले. 'इस्की' या नावाची ही सारणी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध केली.

इस्कीमागची दृष्टी मोठी होती. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या सर्व लिप्यांची वर्णमाला एकच आहे, फक्त वळणे वेगळी. म्हणून मराठी 'क' आणि कन्नड 'क' यांचा आकडा एकच ठेवला गेला. लिपी बदलली की तोच मजकूर दुसऱ्या वळणात दिसू लागे. इनस्क्रिप्ट कळफलकही याच तत्त्वावर आखला गेला. जो मराठी टंकलेखन शिकला, त्याची बोटे कन्नड टंकलेखनासाठी जवळजवळ तयार असतात. पाणिनीच्या देशाला शोभेल असाच हा विचार होता, आणि तो कोणा कंपनीच्या मालकीचा नव्हता.

मग बिघडले कुठे? १९९०च्या दशकात विंडोज घरोघरी आणि कचेरी-कचेरीत पोहोचले, पण त्या विंडोजला भारतीय लिप्या येत नव्हत्या. छपाई व्यवसायाला आणि कचेऱ्यांना थांबणे शक्य नव्हते. तेव्हा एक पळवाट निघाली. इंग्रजी अक्षराचा आकडा तसाच ठेवायचा आणि फाँटमध्ये त्या जागी मराठी वळणाचा एखादा तुकडा बसवायचा. पडद्यावर मराठी दिसे, कागदावर मराठी उमटे, पण फाइलच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ असे. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, आयएसएम अशा प्रत्येक संचाची तुकड्यांची मांडणी वेगळी. कर्नाटकात नुडी आणि बरह यांचीही सुरुवातीची कथा याहून फार निराळी नव्हती. एका कचेरीत लिहिलेले पत्र दुसऱ्या कचेरीत उघडले की रामायणाऐवजी रेघोट्या दिसत.

या संचांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्या दशकात मराठी वृत्तपत्रे, पुस्तके आणि शासकीय परिपत्रके याच संचांनी छापली. दोष दुसरीकडे होता. राष्ट्रीय मानक हाती असताना, खरेदी करणाऱ्या शासकीय खात्यांनी "फाइल इस्कीत साठवली जाईल" ही एक ओळ निविदेत घातली नाही. मानक ठरवणारे खाते वेगळे, खरेदी करणारे वेगळे आणि वापरणारे तिसरेच. हा आपल्या प्रशासनाचा जुना आजार इथेही दिसला.

त्याची किंमत म्हैसूरच्या संग्रहांवरून मोजता येते. २००० नंतर ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने १४ दक्षिण आशियाई भाषांचा एक मोठा शब्दसंग्रह युनिकोडमध्ये उभा राहिला आणि त्यात भारतीय भाषा संस्थानाचे संग्रह सामील झाले. संस्थानाचा मजकूर इस्कीत होता, म्हणून तो एका सारणीच्या आधारे युनिकोडमध्ये नेता आला. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरून घेतलेला मजकूर मात्र ज्याच्या त्याच्या फाँटमध्ये होता. त्या प्रत्येक फाँटसाठी कोणता तुकडा कुठे बसवला आहे हे शोधून वेगळी सारणी तयार करावी लागली. प्रसिद्ध मानक पाळलेल्या मजकुराला एक किल्ली पुरली; न पाळलेल्याला प्रत्येक कुलपासाठी नवी किल्ली घडवावी लागली. ग्रंथ लिपीतील ताडपत्र आणि खासगी फाँटमधील फाइल यांतील फरक हाच आहे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली, पण प्रत्येक लिपीला स्वतंत्र पट्टा दिला. विंडोजमध्ये देवनागरी प्रथम विंडोज २०००मध्ये आली. लिनक्सवर हे काम स्वयंसेवकांनी आणि थोड्या कंपन्यांनी मिळून केले. इंडलिनक्स या गटाने भारतीय भाषांतील पडदा तयार करण्याचा ध्यास घेतला. २००४ साली रेड हॅट कंपनीने 'लोहित' हे फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले. ते घडवणारी कंपनी होती पुण्याची मॉड्युलर इन्फोटेक, म्हणजे श्रीलिपीचेच निर्माते. ज्या हातांनी बंदिस्त संच घडवले, त्याच हातांनी मुक्त फाँटही घडवले. तंत्रज्ञान तेच होते. मागणी काय केली गेली, एवढाच फरक पडला. २००७ साली सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने 'बॉस' ही लिनक्सची भारतीय आवृत्ती आणली.

म्हणजे "लिनक्सवर मराठी चालत नाही" हे वाक्य निदान दोन दशकांपूर्वीच खोटे ठरायला हवे होते. लिनक्सवर युनिकोडमधील मराठी उत्तम चालते. चालत नाही ती विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट फाँटमध्ये कोंडलेली जुनी फाइल. ती तशी नव्या विंडोजवरही सुखाने चालत नाही. दोष लिनक्सचा नाही, साठवणीचा आहे.

तरीही युनिकोड आले म्हणजे सारे प्रश्न सुटले, असे मानणारा भाबडाच ठरेल. मराठी वाचकाला 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील फरक सांगावा लागत नाही. पण हा अर्धा 'ऱ' संगणकात एकाहून अधिक मार्गांनी लिहिता येतो. डोळ्यांना एकसारखे दिसणारे दोन शब्द शोधयंत्राला वेगळे वाटतात. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत मिळाली. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र चढवून काम भागवत, आणि काही जण आजही तसेच लिहितात. वसईच्या एखाद्या ॲन्थनीचे नाव एका यादीत एका पद्धतीने आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या पद्धतीने नोंदले गेले, तर संगणक निर्विकारपणे सांगणार की अशी व्यक्ती यादीत नाही. ज्याचे नाव हरवते त्याच्या दृष्टीने हा शिधापत्रिकेचा किंवा वारस नोंदीचा प्रश्न असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठीसाठी देवनागरी लिपी व वर्णमाला प्रमाणित करणारा निर्णय काढला, त्यात मराठी वळणाच्या 'ल' आणि 'श'चाही विचार होता. असे निर्णय वळणांबरोबर संकेतांचीही शिस्त लावतील, तेव्हाच त्यांचा पूर्ण लाभ मिळेल.

अक्षरांचा प्रश्न सुटला तरी फाइलच्या स्वरूपाचा उरतो. यावरून २००७-०८ साली जगभर मोठा वाद पेटला. ओपन डॉक्युमेंट हे खुले स्वरूप २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले होते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टचे स्वरूपही मानक म्हणून मान्य व्हावे, असा प्रस्ताव आला. भारतीय मानक ब्यूरोने दोन्ही वेळा विरोधी मत नोंदवले. प्रस्ताव अखेर मंजूर झाल्यावर ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांच्यासह भारताने अपीलही केले. ते फेटाळले गेले. पण एका तांत्रिक समितीत आपल्या देशाने स्वतंत्र भूमिका घेतली, ही नोंद महत्त्वाची आहे. त्याआधी मे २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी पुण्यातील एका संस्थेच्या समारंभात बिल गेट्स यांच्याशी झालेला आपला मतभेद सांगून भारताला खुल्या सॉफ्टवेअरची गरज का आहे, हे मांडले होते. पुढे २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आले आणि २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे.

धोरणे कागदावर चांगली आहेत. ती टेबलापर्यंत का पोहोचत नाहीत, याचे उत्तर दोन प्रयोगांत मिळते. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, सुमारे १५ हजार संगणक बदलले, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. राजकीय पाठबळ बदलले आणि बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवघेव त्रासाची ठरली, अशी कारणे त्या वेळी चर्चेत होती. दुसरीकडे केरळने आयटी@स्कूल प्रकल्पातून शाळांमध्ये लिनक्स आणले आणि ते टिकले. तिथे नुसती प्रणाली बदलली नाही. शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यपुस्तक आणि मातृभाषेतील साधने बरोबरीने चालली, आणि मल्याळमवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांचा भक्कम गट मागे उभा होता. मल्याळमच्या काही अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा द्यावी की नाही, यावर या लोकांत कडाक्याचे वाद झाले. वाद झाले याचा अर्थ भाषेला राखणदार होते. आपल्याकडे असे वाद फार होत नाहीत, याचे मला समाधान वाटत नाही.

कर्नाटकाचा 'भूमी' प्रकल्पही येथे आठवावा. २००१च्या सुमारास सुमारे २ कोटी जमीन नोंदी संगणकावर आल्या आणि तालुक्याच्या ठिकाणी शेतकऱ्याला उतारा हातोहात मिळू लागला. हाताने लिहिलेला उतारा कायद्याने बाद ठरला, हे त्या सुधारणेचे बळ. पण त्यामुळेच जबाबदारीही वाढली. कागदी वही बाद केल्यावर संगणकातील नोंद हाच एकमेव पुरावा राहतो. ती नोंद आणखी ५० वर्षांनी कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या प्रणालीत उघडेल, हे आज सांगता आले पाहिजे.

अलीकडच्या घटनांनी या प्रश्नाला नवी धार आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण आधार संपला. चालू स्थितीतील अनेक संगणक त्यापुढची आवृत्ती चालवू शकत नाहीत; ते भंगारात काढायचे, असुरक्षित अवस्थेत वापरायचे, की त्यांवर लिनक्स बसवायचे, हा प्रश्न कचेऱ्यांपुढे उभा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर नायरा एनर्जी या भारतात तेलशुद्धीकरण करणाऱ्या कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पण परक्या भूमीवरील एका निर्णयाने आपल्या देशातील कंपनीची ईमेल बंद पडू शकते, हे सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने अधिकाऱ्यांना झोहो या भारतीय कंपनीचा ऑफिस संच वापरण्यास सांगितले.

स्वदेशी कंपनीला प्राधान्य देण्यास माझा विरोध नाही. पण स्वदेशी आणि खुले हे दोन वेगळे गुण आहेत. १९९०च्या दशकातील आपले फाँटसंच स्वदेशीच होते, तरी त्यांतील फाइली कोंडल्या गेल्या. कंपनी भारतीय असो वा परदेशी, आपला दस्तऐवज तिच्याकडून बाहेर काढून दुसऱ्या कोणत्याही साधनात तसाच उघडता येतो का, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारलाच पाहिजे.

लिनक्सच्या समर्थकांनीही काही गोष्टी मान्य कराव्यात. डिजिटल स्वाक्षरीची यंत्रिका, छपाईयंत्र, जुने लेखा सॉफ्टवेअर यांची अडचण खरी असते. कित्येक शासकीय संकेतस्थळे एके काळी फक्त इंटरनेट एक्स्प्लोररवर चालत. २०२२ साली ते निवृत्त झाल्यावर विंडोज वापरणाऱ्यांचीही पंचाईत झाली. रेमिंग्टन कळफलकावर आयुष्य घालवलेल्या लिपिकाला "हे सोपे आहे" असे सांगून भागत नाही. त्याचा वेग हीच त्याची कमाई असते. पण त्याला हेही सांगितले पाहिजे की कळफलक आणि संकेत या वेगळ्या गोष्टी आहेत. बोटे जुन्या सवयीने चालली तरी फाइल युनिकोडमध्ये साठवता येते.

थोडक्यात, मराठी दस्तऐवजाचे चार थर आहेत: संकेत, कळफलक, फाँट आणि फाइलचे स्वरूप. कळफलक आणि फाँट ज्याच्या त्याच्या सोयीचे असू द्यावेत. संकेत आणि स्वरूप मात्र खुले व प्रसिद्ध मानकच असले पाहिजेत, आणि ही अट प्रत्येक निविदेत, प्रत्येक करारात लिहिलेली असली पाहिजे. प्रत्येक विभागाने आपल्या जुन्या फाइली कोणत्या फाँटमध्ये आहेत याची यादी करून, ते फाँट जाणणारी माणसे निवृत्त होण्याआधी रूपांतर पूर्ण करावे. स्वीकृती चाचणीत एक साधी कसोटी ठेवावी: तयार झालेली फाइल लिनक्सच्या संगणकावर उघडून, एक मराठी शब्द शोधून दाखवावा. शब्द सापडला नाही, तर देयक मंजूर करू नये. या एका अटीने जे साधेल ते दहा परिपत्रकांनी साधणार नाही.

२०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत दोन जुन्या लिप्यांना एकाच वेळी जागा मिळाली. एक ग्रंथ, जिच्यात म्हैसूरचे अर्थशास्त्र लिहिलेले होते. दुसरी मोडी, जिच्यात मराठी राज्यकारभाराचे असंख्य कागद लिहिले गेले. शतकांपूर्वीच्या लेखनिकांची अक्षरे आज कोणत्याही संगणकावर, कोणाचीही परवानगी न घेता लिहिता-वाचता येतात. १९९८ साली आपल्याच एखाद्या कचेरीत टंकलेखन झालेल्या आदेशाबद्दल मात्र तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्या आदेशावर आज कोणाची तरी जमीन, कोणाचे तरी निवृत्तिवेतन अवलंबून असेल.